अकरा ठिकाणी उजेड

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते रजेचे अर्ज, रेशन कार्डाचे फॉर्म आणि आईच्या बचत गटाची हजेरी. मी प्रयोगवही लिहायला शिकलो, म्हणजे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. त्यापलीकडे कोणी वाचावं असं काही माझ्याकडून होईल की नाही, मला खात्री नाही. शिवाय जे सांगायचंय ते फार मोठंही नाही. एका कापडी तंबूत उजेड शिरत होता आणि मी तो बंद केला. पण त्या निमित्ताने मी एका मुलावर सूड घेतला. रागाच्या भरात नव्हे, आठ महिने जपून ठेवून घेतला. चूकभूल माफ करा, पण ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आकुर्डीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी करत होतो. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पप्पा लातूरकडून आलेले, चाकणला गाड्यांच्या दारांचं रबर बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामावर. आम्ही रहाटणीत राहतो. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो आणि आमच्या विभागाच्या मॅडम दर वर्षी एकाच विद्यार्थ्याचं नाव तळेगावजवळच्या फुलशेतीच्या प्रयोगशाळेला कळवायच्या. ज्याचं नाव जाई त्याला तिथे काम मिळे आणि पुढचं शिक्षणही तिथूनच होई. आमच्या घरी त्या पत्राची चर्चा मी अकरावीत असल्यापासून चालू होती. पप्पांनी एकदाच म्हटलं होतं, "डिकीत झोपायचं काम माझ्यापाशीच संपू दे." त्यांच्या या डिकीबद्दल पुढे सांगतो.

प्रकल्प दोघा-दोघांत मिळाले. माझा जोडीदार रावेतचा होता. त्याचे वडील इंजिनीअर, घर बाराव्या मजल्यावर, बोलायला चटपटीत, वाईट नव्हता. आम्हाला विषय मिळाला शेवंतीचा. शेवंती एरवी दिवाळीच्या आसपास फुलते, ती आम्ही गणपतीत फुलवून दाखवायची होती. शेवंतीला फूल यायला लांब रात्र लागते. रोज सलग चौदा तास अंधार मिळाला तर महिन्याभरात ती कळ्या धरते. पण त्या अंधारात मध्येच थोडा वेळ जरी उजेड शिरला, तरी तिची रात्र मोडते आणि ती नुसती पानं काढत बसते.

त्यासाठी विभागाने दोन तंबू आणले होते. माणसाच्या उंचीचे, चार फूट लांब-रुंद, बाहेरून काळं जाड कापड, आतून चांदीच्या वर्खासारखे चकचकीत, पुढे वरपासून खालपर्यंत चेन. आत टायमरवर चालणारे दिवे आणि पंखा. दिवसा प्रयोगशाळेतला ओव्हन चालू असताना हे दिवे लावले की फ्यूज उडायचा. म्हणून आम्ही तंबूतला दिवस रात्री केला. रात्री आठ ते सकाळी सहा दिवे, आणि सकाळी सहा ते रात्री आठ अंधार. बाहेर भर दुपार असायची तेव्हा आमच्या शेवंतीची मध्यरात्र असायची. पाणी बाहेर टांगलेल्या बादलीतून नळीने आत जाई, त्यामुळे चेन उघडायची गरजच नव्हती. शनिवारी संध्याकाळी पडदे ओढून, बॅटरीला हिरवा कागद लावून आम्ही रोपं बघायचो, तेवढंच.

पहिल्या वेळी एकाच तंबूत बारा कुंड्या ठेवल्या. पाच आठवडे झाले, एकाही रोपाला कळी नाही. पानं मात्र अशी तरारलेली की भाजीवाल्याला द्यावीत. मॅडमनी वर्गासमोर विचारलं, काय झालं असेल. मी उत्तर जुळवत होतो. माझ्या जोडीदाराला जुळवावं लागलं नाही.

"मॅडम, चेन उघडी असते. मी दोनदा साडेतीनला गेलो, दोन्ही वेळा अर्धी उघडी."

प्रयोग तुम्हा दोघांचा, तिसरं कोण उघडणार, असं मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे बघणाऱ्याला कळलं नसेल. तेव्हा तो हसत हसत मला म्हणाला, "भावा, भर झोपेत भूपाळी म्हणून उठवतोस काय रे रोपांना?"

सगळा वर्ग हसला. मॅडमसुद्धा. त्या दिवसापासून मी भूपाळी झालो. कॅन्टीनमध्ये, लायब्ररीत, बसस्टॉपवर, काय भूपाळी, उठली का रोपं. हा शब्द मला आजही कोणी सहज उच्चारला तरी कानशिलं तापतात.

खरं म्हणजे मला एका वाक्यात सुटता आलं असतं. दुपारी अडीचनंतर मी कॉलेजात नसायचोच. रहाटणीत एका औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गोळ्यांची खोकी मांडायचं काम करायचो. साडेतीनला मी चेन उघडणं शक्य नव्हतं. पण वर्गात कोणाला त्या कामाबद्दल ठाऊक नव्हतं आणि मला ते ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. त्याने खोटं सांगितलं आणि माझ्या लाजेने त्याला साथ दिली, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. म्हणजे राग सगळा त्याच्यावर राहिला.

मॅडमनी आम्हाला वेगळं केलं. दुसऱ्या सत्रात दोघांनी स्वतंत्र प्रयोग करायचा, एप्रिलमध्ये शेवंती फुलवायची. जुना तंबू त्याच्याकडे राहिला, खोक्यात पडलेला दुसरा मला मिळाला. ज्याची फुलेल त्याचं नाव तळेगावला जाईल, असं त्या स्पष्ट म्हणाल्या नाहीत, पण सगळ्यांना कळलं.

घरी मी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी पप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं आणि मी सगळं सांगितलं, भूपाळीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "तंबू कोणी आत बसून बघितला का?"

पप्पांचं काम असं आहे. गाडीच्या दारांना, डिकीला जे रबर बसतं, ज्याला बीडिंग म्हणतात, ते नीट बसलं की नाही हे तपासायचं. पाण्याची तपासणी शॉवरखाली होते. पण डिकीसाठी त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे. माणसाने आत झोपायचं, वरून झाकण लावायचं, बाहेर चहूकडून मोठे दिवे लावायचे. आतल्याला जिथे उजेड दिसेल तिथून उद्या पाणी, धूळ शिरणार. तिथे पिवळ्या मेणखडूने गोल करायचा. गेली एकोणीस वर्षं माझे पप्पा असे डिकीत झोपत आलेत.

त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. आत गेल्यावर लगेच बघायचं नाही. डोळे मिटून तीनशे मोजायचे, घाई करायची नाही. मग डोळे उघडायचे आणि मान न हलवता एकेका कोपऱ्यावर थांबायचं. "बाहेरनं सगळंच चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "आत बसल्याबिगर गळती दिसत न्हाई. आन् दिसली की खूण करायची. दिसून खूण न्हाई केली, तर ती गळती गाडीची न्हाई, तुझी." मग उठून त्यांनी कामाच्या पँटच्या खिशातला खडू काढून माझ्यासमोर ठेवला. अर्धा झिजलेला होता.

जानेवारीत मी औषधांच्या दुकानातून आठवडाभर सुट्टी घेतली आणि माझा तंबू उभा केला. कुंड्या आत ठेवायच्या आधी स्वतः आत बसलो. प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, दुपारचं ऊन थेट तंबूवर. तीनशे मोजून डोळे उघडले आणि मला धक्काच बसला. कोरा करकरीत तंबू, आणि आत चाळणी. चेनच्या दातांमधून वरपासून खालपर्यंत एक बारीक उजळ रेघ. छताच्या शिवणीत सुईचं प्रत्येक भोक वेगळं दिसत होतं. पंख्याच्या हवेचा पाइप बाहेर जातो त्या कापडी बाहीची दोरी आवळूनसुद्धा तिच्या चुण्यांमधून उजेड येत होता. तळाच्या कोपऱ्यांत, नळी शिरते तिथे, हवा आत यायच्या जाळीपाशी. मी खडू घेऊन गोल करत गेलो. ते गोल म्हणजे मला त्या मुलाच्या कपाळावर काढल्यासारखे वाटत होते.

हे काम चालू असताना एक गोष्ट झाली, तीही सांगायला हवी. आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. नावाला शिपाई, पण प्रयोगशाळा त्यांचीच. मूळचे इथल्याच गावचे, बावीस वर्षं एका कंपनीत मशीनवर होते, ती बंद पडल्यावर इकडे लागले. आम्हा सगळ्यांना बाळा म्हणायचे. मला त्यांनी कधी भूपाळी म्हटलं नाही. दुपारी चहा करायचे आणि स्वतःच्या डब्यातलं मला द्यायचे. तर दुसऱ्या दिवशी मी आत डोळे मिटून बसलो होतो, अडीचशेच्या पुढे आकडे गेले होते, आणि एकदम चेन सर्रकन खाली आली. डोळ्यांवर ऊन आदळलं. समोर मामा, एका हातात उदबत्ती, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले.

"आत काय करतो रे बाळा? मी म्हनलं, जनावरच हाय."

मी चिडलो होतो, कारण आता पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागणार होतं. गळती बघतोय एवढंच म्हटलं. ते चहा ठेवतो म्हणाले, चेन लावून गेले. तेवढंच. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. उदबत्तीचा वास तंबूत बराच वेळ राहिला होता.

बुजवायला तीन दिवस लागले. पहिल्यांदा मी काळी इन्सुलेशन टेप लावली, ती दिव्यांच्या उष्णतेने रात्रीत सुटून आली. मग शिवणींना आतून ॲल्युमिनियमची टेप आणि तिच्यावर बाहेरून काळ्या रेक्झिनच्या पट्ट्या, पंक्चरवाल्याकडच्या सोल्यूशनने चिकटवून. चेनवर रेक्झिनचा रुंद पदर शिवून घेतला, आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या ताईंकडून. त्याच्या कडेला पप्पांनी कंपनीच्या गेटवर सांगून आणलेलं बीडिंगचं टाकाऊ रबर बसवलं, म्हणजे पदर चेनला घट्ट बसे. हवेचा पाइप सरळ होता, तो दोनदा वाकवला आणि आतून काळा रंगवला, कारण उजेडाला वळण घेता येत नाही, हवेला येतं. जाळीसमोर खोक्याचा आडोसा केला, तोही आतून काळा. टायमरवरचा इवलासा लाल दिवासुद्धा सोडला नाही, त्याच्यावर टेपचे तीन थर दिले. शेवटच्या दिवशी मी आत बसून सहाशे मोजले. डोळे उघडे की मिटलेले, कळत नव्हतं. मला स्वतःचा हात दिसत नव्हता. इतका समाधानी मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

मग मी चेनच्या दोन्ही सरकत्या टोकांत बॅगेचं छोटं कुलूप घातलं. किल्ली गळ्यात दोऱ्यात. त्या मुलावर माझा विश्वास नव्हता. पहिल्या वेळी त्यानेच चेन उघडून आळ माझ्यावर घेतला असेल, असंही मला वाटू लागलं होतं. कुलूप बघून मामांचा चेहरा पडला. एवढा पन भरवसा न्हाई व्हय आमच्यावर, असं म्हणाले. मी म्हटलं, मामा, तुमच्यासाठी नाही हो, त्याच्यासाठी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते.

त्याने तेव्हा अजून रोपं लावली नव्हती. त्याचा तंबू, म्हणजे आमचा जुना तंबू, शेजारीच रिकामा उभा होता. एके सकाळी तो आलेला नसताना मी त्यात जाऊन बसलो. चेन आतून लावली, तीनशे मोजले, डोळे उघडले. अकरा ठिकाणी उजेड. मी दोनदा मोजले. वरच्या शिवणीत चार, चेनच्या खालच्या टोकाशी दोन, पाइपच्या बाहीत दोन, तळाच्या मागच्या कोपऱ्यात एक, जाळीत एक आणि एक अगदी दिव्याच्या हुकाजवळ. हाच तो तंबू होता. माझ्या निर्दोषपणाचे अकरा पुरावे समोर होते आणि खिशात खडू होता.

मी तेव्हाच मॅडमना बोलावू शकलो असतो. त्यांना आत बसवून दाखवू शकलो असतो की बघा, चेन कोणी उघडली नव्हती, तंबूच गळका होता. माझं नाव तिथल्या तिथे साफ झालं असतं. पण मग तोही गळती बुजवणार. त्याचीही शेवंती फुलणार. आणि मग पत्रावर नाव कोणाचं, हे मॅडम ठरवणार, आणि तो मॅडमशी इंग्रजीत बोलायचा. शिवाय मला नुसतं निर्दोष व्हायचं नव्हतं. मला तो त्याच जागी उभा बघायचा होता, बारा हिरव्यागार कुंड्यांसमोर, आणि सगळा वर्ग हसताना. मी खडू खिशातच ठेवला आणि चेन उघडून बाहेर आलो.

इथवर ते नुसतं गप्प बसणं होतं. त्यानंतर दोन दिवसांनी तो स्वतःहून माझ्याकडे आला. माझ्या तंबूचा रेक्झिनचा पदर बोटाने चाचपून बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तुझे पप्पा हेच काम करतात ना? राव, माझा पण तंबू एकदा आत बसून बघशील का? मला त्यातलं काही कळत नाही."

"बघितलाय मी," मी म्हणालो. "ठीक आहे. काही करायची गरज नाही."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, थँक्यू म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने रोपं आत ठेवली.

त्या दिवसांतला माझा आनंद कसा सांगू, कळत नाही. मी अभ्यास करायचो, गोळ्यांची खोकी मांडायचो, आणि मनात सतत ते अकरा ठिपके मोजत असायचो. बसमध्ये बसल्यावर डोळे मिटून मोजायचो. कोणी भूपाळी म्हटलं की आता पूर्वीसारखं लागत नसे, मी आतल्या आत म्हणायचो, थांबा जरा. तोंडी परीक्षेत बोलायचं वाक्यसुद्धा मी तयार केलं होतं, आरशासमोर म्हणून बघितलं होतं. आई एकदा म्हणाली, पोरगं एकटंच हसतंय हल्ली, कुणी भेटली का काय.

पप्पांनी एकदा जेवताना विचारलं, त्या पोराच्या तंबूत बघितलंस का. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि नंतर भाताकडे.

पाचव्या आठवड्यात, शनिवारी, हिरव्या बॅटरीच्या उजेडात मला पहिली कळी दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी. मग दुसरी, आणि मग प्रत्येक शेंड्यावर. त्याने त्याचा तंबू उघडला तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिलो. मला त्याचा चेहरा बघायचा नव्हता असं नाही, तो एप्रिलसाठी राखून ठेवायचा होता. मागून फक्त पानं चाळल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, सगळी रोपं पहिल्यापासून चाळल्याचा.

एप्रिलमध्ये बाहेरच्या परीक्षकांसमोर माझ्या बारा कुंड्या होत्या, पांढऱ्या शेवंतीने भरलेल्या. त्या महिन्यात बाजारात दिसणार नाही अशी टपोरी फुलं. त्याच्या बारा कुंड्या पलीकडच्या टेबलावर, कमरेएवढ्या वाढलेल्या, हिरव्यागार. परीक्षकांनी मला कारण विचारलं आणि मी ते वाक्य म्हटलं. "सर, पहिल्या वेळी कोणी चेन उघडली म्हणून रोपं बिघडली नव्हती. तंबू गळत होता. आजही गळतोय. दाखवू का?"

मी खिडक्यांचे पडदे उघडले, मॅडमना त्या तंबूत बसवलं, तीनशे मोजायला सांगितले. त्या बाहेर आल्या तेव्हा बराच वेळ चष्मा पुसत होत्या. मग मी त्याला आत बसवलं आणि बाहेरून एकेक जागा बोटाने दाबत त्याला आतून मोजायला लावलं. तो मोठ्याने मोजत होता आणि बाहेर वर्ग उभा होता. अकरा म्हणून तो थांबला. चेन उघडून बाहेर आला, घामाने भिजलेला, आणि हळू आवाजात म्हणाला, "तू बघितला होतास ना?"

"माझी नजर बसली नसेल तेव्हा," मी म्हणालो.

त्याला कळलं. टेबलाकडे गेला, माझ्या एका फुलावर वाकून बघितलं आणि म्हणाला, "फुलवलंस राव." त्याच्या आवाजात टोमणा होता का, हे मी फार शोधलं. सापडला नाही.

इथे मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. त्या दिवशी मी आकुर्डीहून रहाटणीपर्यंत चालत आलो, बसने यायचं सुचलंच नाही. वर्गातल्या मुलांनी आता त्याला भूपाळी म्हणायला सुरुवात केली होती आणि मी ते थांबवलं नाही. पत्र माझ्या नावाने गेलं. त्याला कुठेच जागा मिळाली नाही, वर्ष वाया गेलं असं नंतर ऐकलं. घरी पप्पांना फुलांचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, त्या पोराचं काय झालं. मी म्हटलं, त्याचा तंबू गळत होता. "तुला दिसलं न्हवतं?" त्यांनी विचारलं. मी हात धुवायला उठलो. परत आलो तेव्हा मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवलेला होता आणि ते आत जाऊन झोपले होते. खडू मी त्यांना परत केला. तो त्यांनी घेतला, खिशात ठेवला नाही, टीव्हीच्या मागे ठेवला. अजून तिथेच आहे.

आता मी तळेगावला आहे. मोठमोठ्या शेड, एक बटण दाबून सगळे पडदे पाडायची व्यवस्था, गळतीचा प्रश्नच नाही. कॉलेज सोडताना मी एक वही मागे ठेवून आलो होतो, तंबूतला उजेड कसा बुजवायचा, चित्रांसकट. जुन्या तंबूतल्या अकरा जागाही त्यात दाखवल्या होत्या. माझं काम झालेलं होतं, तेव्हा उदार व्हायला काही लागत नव्हतं. कुलूप मात्र काढून घेतलं होतं, ते माझ्या बॅगेला आहे.

दोन महिन्यांपूर्वी कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. आता शेवंतीचा प्रकल्प तिच्याकडे आहे. माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती, दादा दादा म्हणत होती. तिने वहीप्रमाणे दोन्ही तंबू बुजवले होते. अकराच्या अकरा जागा बंद. आत बसून सहाशे मोजले, हात दिसत नव्हता. तरी पाच आठवडे झाले आणि एका रोपाला कळी नाही, दोन्ही तंबूंत. मग ती तिकडेच बसून राहिली, सकाळपासून, काय होतं ते बघायला. आणि सांगता सांगता ती हसू लागली.

तीन वाजता मामा आले. हातात उदबत्ती. त्यांनी ओव्हनला दाखवली, इनक्युबेटरला दाखवली, मायक्रोस्कोपच्या कपाटाला दाखवली आणि मग एका तंबूची चेन उघडून आत फिरवली, मग दुसऱ्याची. चेन तशीच ठेवून चहा करायला गेले. धूर जरा आत जाऊ द्यावा म्हणून. चहा पिऊन झाला की येऊन लावायचे, कधी पूर्ण, कधी अर्धी. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, कंपनीत सेकंड शिफ्ट तीनला लागायची, मशीनला दाखवल्याबिगर हात लावायचा न्हाई, ही सवय. तंबू आले त्या दिवसापासून रोज करतोय, एक दिवस खाडा न्हाई. आधी कधी सांगितलं का नाही, असं तिने विचारलं. कोणी इचारलंच न्हाई, म्हणाले.

ती पुढे म्हणाली, "आणि दादा, मामा तुमची आठवण काढत होते. म्हणाले, त्या पोराचा एकच तंबू होता, कुलूपवाला. त्याला बाहेरूनच ओवाळावं लागायचं."